विश्वामित्रीची हद्द

बडोद्यात श्रावण लागला की घराघरांत दोन आकड्यांची चौकशी सुरू होते. आजवा किती, आणि काळा घोडा किती? आजवा म्हणजे सयाजीराव महाराजांच्या काळात बांधलेले सयाजी सरोवर. काळा घोडा म्हणजे सयाजीगंजातला विश्वामित्रीवरचा पूल, जिथे नदीची पातळी मोजतात. पहिला आकडा 211 फुटांच्या आसपास घोटाळत असतो. दुसरा 26 च्या पुढे गेला की नदीने धोक्याची पातळी ओलांडली असे जाहीर होते. गाडी उड्डाणपुलावर नेऊन लावायची का, तळमजल्यावरचा फ्रीज विटांवर चढवायचा का, आईला भावाकडे पाठवायचे का, हे सगळे या दोन आकड्यांवर ठरते.

आकडे खोटे नाहीत आणि मोजणारी माणसे रात्र रात्र जागून ते मोजतात. माझी तक्रार वेगळी आहे. पाणी किती चढले हे आपण इंचाइंचाने सांगतो. ते कोणत्या जमिनीवर चढले, ती जमीन शंभर वर्षांपूर्वी काय होती आणि तिथे इमारतीला परवानगी कशी मिळाली, हे सांगणारा आकडा कोणत्याही फलकावर नसतो. बडोद्याच्या पुरामागचे भूविज्ञान गेली कित्येक दशके याच शहरात, नदीपासून चालत जाता येईल अशा इमारतीत तयार होत आले आहे. ते अडते ते नगररचनेच्या नकाशापाशी.

आधी आजव्याचे बघू, कारण दर पुरानंतर पहिला आरोप त्याच्यावर होतो. 211 ही पाण्याची पातळी आहे, तलावाची खोली नव्हे. एवढी साधी गोष्टही अनेकांना माहीत नसते. तलावाचे 62 दरवाजे पावसाळ्याच्या पूर्वार्धात 211 फुटांवर ठेवतात आणि पुढे टप्प्याटप्प्याने पातळी वाढू देतात. त्यावर आलेले पाणी विश्वामित्रीत उतरते. हा तलाव बांधला तो पिण्याच्या पाण्यासाठी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, लाख-सव्वालाख वस्तीच्या राजधानीला नळाने शुद्ध पाणी देण्याची ती योजना होती आणि त्या काळाच्या मानाने फार पुढची होती. पिण्याच्या पाण्याचा तलाव पावसाळा संपताना भरलेला हवा. पूर अडवणारा तलाव पावसाळाभर रिकामा हवा. एकाच तलावाकडून आपण दोन्ही कामे मागतो, आणि त्याने एकही नीट केले नाही की अधिकाऱ्यांना धारेवर धरतो. दरवाजे कधी उघडले यावर वाद घालायला हवा, यात शंका नाही. पण तो वाद इतका सोयीचा आहे की बाकीचे सगळे वाद त्याच्याआड लपतात.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे ओळखीचे वाटेल. सांगलीत आयर्विन पुलाखालचे फूट मोजतात आणि बोट अलमट्टी धरणाकडे जाते. 2019 च्या महापुरानंतर नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने अलमट्टीला त्या पुराचे कारण मानले नाही. पूररेषेतली बांधकामे आणि आक्रसलेले नदीपात्र यांच्याकडे लक्ष वेधले. पुण्यात 25 जुलै 2024 ला सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरले तेव्हा चर्चा खडकवासल्याच्या विसर्गाची झाली. मुठेच्या काठी ती वसाहत कशी उभी राहिली, याची चर्चा त्या मानाने फारच कमी झाली. धरण दूर असते, त्याला तोंड नसते आणि त्याचा सातबारा कुणा शेजाऱ्याच्या नावावर नसतो. त्याला दोष देऊन कुणाशी वैर येत नाही.

बडोद्याच्या बाबतीत तर हा दोष अर्धाच लागू पडतो. 31 जुलै 2019 ला शहरावरच चोवीस तासांत सुमारे 500 मिलिमीटर पाऊस पडला. एक चौरस किलोमीटर जागेवर एवढा पाऊस म्हणजे 50 कोटी लिटर पाणी, आणि शहर अशा कितीतरी चौरस किलोमीटरांवर पसरले आहे. आजव्याचा एकही थेंब आला नसता तरी हे पाणी कुठेतरी जायलाच हवे होते. ते जाते कांसांतून. पावसाचे पाणी नदीकडे नेणाऱ्या ओढ्यांना इथे कांस म्हणतात: भूखी कांस, मसिया कांस, रूपारेल कांस. नदी उतरलेली असते तेव्हा कांस तिच्यात रिकामे होतात. नदी चढली की तोंडाशीच पाणी थोपते. आणखी चढली की कांस उलटे वाहू लागतात आणि नदीचे पाणी अशा सोसायट्यांत आणून सोडतात जिथून नदी दिसतही नाही. ‘आम्ही नदीपासून दोन किलोमीटर लांब राहतो, आमच्याकडे पूर कसा?’ या प्रश्नाचे उत्तर बहुधा घरामागच्या त्या स्लॅब टाकून झाकलेल्या नाल्यात असते. कांसावर रस्ता झाला, रस्त्यावर दुकाने झाली, आणि कांस नकाशावर एक बारीक तुटक रेघ होऊन राहिला.

आता जमिनीकडे वळतो. विश्वामित्री पावागडावर उगम पावते. पावागड सुमारे 800 मीटर उंचीचा, आपल्या दख्खनच्याच लाव्ह्याचा तुटून वेगळा राहिलेला तुकडा. त्याच्या माथ्यावर मात्र सह्याद्रीत क्वचित दिसणारे रायोलाइटसारखे फिकट खडक आहेत. तिथून पाणी वेगाने उतरते आणि मग गाळाच्या सपाट मैदानात अडखळते. बडोदे या मैदानात वसले आहे. खडक खूप खोल, वर नद्यांनी आणि वाऱ्याने आणून टाकलेली माती, वाळू आणि रेती. याच गाळाच्या खाली, खंभातच्या खोऱ्यात, तेल सापडले आणि 1960 मध्ये अंकलेश्वर नावारूपाला आले. सपाट मैदानातली नदी उथळ, पसरट असेल असे आपण समजतो. इथल्या नद्या तशा नाहीत. महीच्या काठी रायका गावाजवळ गेलात तर कित्येक मीटर उंचीचा मातीचा उभा कडा दिसतो. त्यात तळाशी समुद्राच्या पाण्यात साचलेली चिकणमाती, वर रेतीचे थर, त्यावर लाल मातीचा पट्टा, आणि सर्वांत वर वाऱ्याने आणलेली बारीक धूळ. समुद्र चढला, उतरला, हवामान ओले झाले, कोरडे झाले, जमीन हळूहळू उचलली गेली आणि नद्यांनी आपल्याच गाळात खोल चिरा पाडल्या, असा लाखभर वर्षांचा इतिहास त्या कड्यात वाचता येतो.

हा इतिहास वाचण्याचे काम महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या भूविज्ञान विभागाने केले. एस. एस. मेढ यांचा गुजरातच्या भूविज्ञानावरचा ग्रंथ 1995 मध्ये आला; त्यांच्यासह एल. एस. चामियाल आणि पुढे डी. एम. मौर्य व त्यांच्या सहकाऱ्यांनी मही, नर्मदा आणि कच्छच्या गाळाचा थरावर थर तपासला. त्यांच्या कामातून एक गोष्ट स्पष्ट होते. कोतरे, म्हणजे काठाच्या मातीत पडलेल्या खोल घळी, ही नदीची पडीक जमीन नाही. नदी खोल गेली म्हणून तिच्या दोन्ही बाजूंची माती खचून ही कोतरे झाली आणि पूर आला की पाणी आधी त्यांत शिरते. नदीचे ते राखीव कोठार आहे. बडोद्यात कोतरात डेब्रिज टाकायचे, ते सपाट करायचे, पाच-दहा वर्षांनी तिथे पार्टी प्लॉट किंवा सोसायटी उभी करायची, हे इतक्या वर्षांत इतक्या ठिकाणी झाले आहे की त्यात कुणाला वावगे वाटत नाही. प्रत्येक भरलेल्या कोतराबरोबर पुराचे पाणी तेवढे दुसऱ्याच्या घरी जाते. बुजवणारा आणि बुडणारा बहुधा एक नसतात, म्हणून हा व्यवहार चालतो.

पुराच्या विज्ञानात मराठी माणसाचे एक मोठे काम आहे आणि ते इथे सांगायलाच हवे. पुणे विद्यापीठातले भूरूपशास्त्रज्ञ विश्वास काळे यांनी व्हिक्टर बेकर, लिसा एली आदी अमेरिकी अभ्यासकांबरोबर नर्मदेच्या जुन्या पुरांचा माग काढला. मोठा पूर येतो तेव्हा उपनदीच्या तोंडाशी किंवा खडकाच्या आडोशाला पाणी थबकते आणि तिथे बारीक वाळू-गाळाचा एक थर टाकून जाते. पूर ओसरतो, थर राहतो. असे थर एकावर एक मोजले, त्यांचे वय काढले, की माणसाने मोजपट्टी लावण्याच्या आधीचे पूर कळतात. नर्मदेवर या थरांनी दाखवले की मोठे पूर काळात सारखे विखुरलेले नाहीत. काही शतके त्यांची गर्दी, काही शतके शांतता. बडोद्याच्या भूविज्ञान विभागातल्या अल्पा श्रीधर यांनी महीवर असेच काम केले. याचा अर्थ नगररचनाकारासाठी फार व्यवहारी आहे. गेल्या पन्नास वर्षांच्या नोंदी घेऊन ‘शंभर वर्षांतला पूर’ काढायचा, म्हणजे शांततेच्या शतकातली मोजणी गर्दीच्या शतकाला लावण्याचा धोका पत्करायचा. बडोद्याने 2005, 2014, 2019 आणि 2024 असे चार मोठे पूर वीस वर्षांत पाहिले. तरीही प्रत्येक वेळी ‘न भूतो’ असेच म्हटले गेले.

‘शंभर वर्षांतला पूर’ हा शब्दप्रयोगच फसवा आहे. तो ऐकून माणूस म्हणतो, एकदा येऊन गेला, आता नातवंडांनी बघावे. त्याचा खरा अर्थ, दर वर्षी शंभरात एक शक्यता. महाराष्ट्रात जलसंपदा विभाग निळी आणि लाल पूररेषा आखतो. निळी पंचवीस वर्षांतल्या पुराची, लाल शंभर वर्षांतल्या. निळ्या रेषेच्या आत घर घेऊन वीस वर्षांचे कर्ज काढले, तर कर्ज फिटेपर्यंत एकदा तरी घरात पाणी येण्याची शक्यता किमान 56 टक्के निघते. लाल रेषेवर ती 18 टक्के. हे गणित कोणत्याही कॅल्क्युलेटरवर करता येते. बँकेचा मूल्यांकन करणारा माणूस भिंतीची ओल तपासतो, पाण्याची टाकी बघतो, हे गणित मात्र करत नाही.

आणि इथेच बडोद्याचा स्वतःचा इतिहास आडवा येतो. राष्ट्रकूटांच्या गुजरात शाखेतल्या कर्काच्या इसवी सन 812 च्या ताम्रपटात वडपद्रक हे गाव दान दिल्याचा उल्लेख आहे, आणि ते अंकोटक चौऱ्याऐंशी गावांच्या गटात असल्याचेही त्यात म्हटले आहे. अंकोटक म्हणजे आजचे अकोटा, विश्वामित्रीच्या पश्चिम तीरावर. तिथे सापडलेल्या जैन कांस्यमूर्ती बडोदे संग्रहालयाचे भूषण आहेत. मोठे गाव अकोटा होते, बडोदे त्याच्या गटातले एक खेडे. सातव्या शतकाच्या सुमारास विश्वामित्रीच्या मोठ्या पुराने अंकोटकाची वस्ती उठली आणि लोक पूर्वेच्या उंचवट्याकडे सरकले, अशी मांडणी बडोद्याच्या पुरातत्त्वात आहे. ती खरी धरली तर हे शहरच पुरापासून मागे हटलेल्या माणसांनी वसवले. आज अकोटा शहरातल्या महाग वस्त्यांत मोडतो. 2024 च्या ऑगस्टअखेर तिथे एक मगर पत्र्याच्या छतावर चढून बसलेली देशभराने मोबाईलवर पाहिली. मगर शहरात शिरली म्हणून बातम्या झाल्या. विश्वामित्रीत शेकडो मगरी आहेत आणि पाणी जाईल तिथवर त्या जाणार. शहरात नदी शिरली होती, मगर तिच्याबरोबर आली.

2024 च्या त्या पुरात काळ्या घोड्याची पातळी 35 फुटांच्या पुढे गेली आणि पाणी कित्येक दिवस ओसरले नाही. नंतर राज्य सरकारने निवृत्त जलसचिव बी. एन. नवलावाला यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, आणि 2025 च्या उन्हाळ्यात शंभर दिवसांच्या मोहिमेत यंत्रे लावून नदी खोल व रुंद करण्यात आली. गाळ काढणे निरर्थक आहे असे म्हणणाऱ्यांत मी नाही. वर्षानुवर्षे टाकलेले डेब्रिज काढलेच पाहिजे, कांसांची तोंडे मोकळी झालीच पाहिजेत. पण नदी खोल करण्यात एक मर्यादा असते जी यंत्राच्या ताकदीने ओलांडता येत नाही. बडोद्याच्या खाली विश्वामित्री ढाढरला मिळते आणि ढाढर खंभातच्या आखाताला. या खालच्या पट्ट्यात उतार अगदी थोडा. पात्र शहरात खोल केले आणि पुढचा उतार तोच राहिला, तर खोदलेल्या भागात आधी पाणी आणि मग पुन्हा गाळच साचतो. त्यात या काठाची माती. झाडे काढून उभा कापलेला गाळाचा काठ भिजला की ढासळतो, आणि काढलेला गाळ पुढच्या पावसाळ्यात परत पात्रात. एखाद्या पावसाळ्यात नदी धोक्याच्या पातळीखाली राहिली म्हणून उपाय लागू पडला, असा निष्कर्ष कोणत्याही जलशास्त्रज्ञाला काढवणार नाही.

शहराला आणखी एक मोह पडला होता, साबरमतीच्या धर्तीवर रिव्हरफ्रंटचा. त्याविरुद्ध 2016 मध्ये पर्यावरण कार्यकर्ते रोहित प्रजापती आणि सहकाऱ्यांनी राष्ट्रीय हरित लवादाच्या पुण्याच्या पश्चिम खंडपीठाकडे दाद मागितली. 25 मे 2021 च्या आदेशात लवादाने पूरमैदानाची आखणी करा, अतिक्रमणे हटवा, नदीची परिसंस्था जपा असे बजावले. मला यातला ‘आखणी’ हा शब्द सर्वांत मोलाचा वाटतो, कारण बाकी सगळे त्यावर अवलंबून आहे. आखणी नसेल तर अतिक्रमण कशाला म्हणायचे तेही ठरत नाही.

बुजवलेल्या कोतराचा दुसरा धोका पुराइतका चर्चेत येत नाही. 23 मार्च 1970 ला भरूचला भूकंप झाला; बडोद्यापासून हे अंतर सत्तर किलोमीटरच्या आसपास. 26 जानेवारी 2001 च्या भूकंपात केंद्र कच्छमध्ये असूनही शेकडो किलोमीटर दूर अहमदाबादेत अनेक मजली इमारती कोसळल्या, आणि गाळाच्या मैदानाने धक्के वाढवले याचा त्यानंतर बराच अभ्यास झाला. सैल भराव, खाली ओली वाळू आणि वर सात मजले, ही भूकंपाच्या दृष्टीने वाईट जुळणी आहे. कोतरांचा जुना नकाशा एकदा नीट काढला तर तो पुरालाही उपयोगी आणि भूकंपालाही. गांधीनगरला भूकंपसंशोधन संस्था आहे, बडोद्यात भूविज्ञान विभाग आहे, जुने भूमापन नकाशे आहेत, उपग्रहांची छायाचित्रे आहेत. कमी आहे ती हे सगळे एकत्र ठेवण्याची इच्छा.

यावर दोन आक्षेप येतात आणि दोन्ही गंभीर आहेत. पहिला असा की पूररेषा जाहीर झाली की नदीकाठच्या झोपड्यांवर आधी बुलडोझर जातो आणि बंगले, मॉल, क्लब तिथेच राहतात. हा आक्षेप खरा आहे. आपल्याकडच्या बहुतेक शहरांत असेच झाले आहे. पण तो रेषेवर नाही, रेषा लपवून ठेवण्यावर लागू होतो. रेषा फक्त कार्यालयाच्या कपाटात असते तेव्हा ती कोणावर लावायची हे अधिकारी ठरवतो. ती प्रत्येकाच्या हातात असली तर झोपडीवाला विचारू शकतो की याच रेषेच्या आत समोरचा बँक्वेट हॉल कसा. दुसरा आक्षेप मालमत्तेच्या भावाचा. रेषा दाखवली तर घराची किंमत पडेल, म्हाताऱ्या माणसाची आयुष्याची पुंजी बुडेल. हे नाकारता येत नाही. मात्र ती किंमत आधीच पडलेली असते. फरक एवढाच की आज ती पुढच्या अनभिज्ञ खरेदीदाराच्या माथी मारली जाते.

गुजरातकडे या गुंत्यातून निघायचे एक साधन आहे आणि त्याचा वापर नदीसाठी करावा हे मला आश्चर्यकारकरीत्या कमी लोक सुचवताना दिसतात. टीपी, म्हणजे टाउन प्लॅनिंग योजना. मुंबई इलाख्याच्या 1915 च्या नगररचना कायद्यातून आलेली ही पद्धत महाराष्ट्राने पुढे जवळजवळ सोडून दिली आणि पुण्याजवळ म्हाळुंगे-माण इथे अलीकडे पुन्हा हाती घेतली; गुजरातने ती 1976 च्या कायद्याने टिकवली आणि वाढवली. सगळ्या मालकांच्या जमिनी एकत्र करायच्या, साधारण 40 टक्क्यांपर्यंत भाग रस्ते, बागा, शाळा यांसाठी घ्यायचा, आणि प्रत्येकाला मूळ भूखंडाच्या (ओपी) जागी आखीव अंतिम भूखंड (एफपी) परत द्यायचा. भूसंपादनाचे खटले कमी, मोबदल्याचे घोळ कमी. यात कोतर, कांस आणि पूरमैदान हे कापलेल्या भागातले पहिले मानकरी का असू नयेत? आज बागेसाठी सपाट, उंच जागा काढतात आणि कोतराला मालकाच्या वाट्यात ढकलतात. मालक अर्थातच ते भरतो. क्रम उलटा करायचा. उतारावरची जमीन सार्वजनिक, उंच जमीन एफपी. ज्याची सगळी जमीन कोतरात आहे त्याला त्याच योजनेत दुसरीकडे भूखंड, कमी क्षेत्रफळाचा पण कोरडा. शहराच्या नव्या सीमेवर वुडाच्या, म्हणजे बडोदे नागरी विकास प्राधिकरणाच्या, कितीतरी टीपी अजून कागदावर आहेत. तिथे हे आजही करता येते. बांधून झालेल्या अकोटा-मुजमहुड्यासारख्या वस्त्यांत नाही येणार, तिथे पुनर्विकासाच्या वेळी तळमजला मोकळा ठेवण्याची अट आणि कांस उघडण्याचे खर्चिक काम यांवरच भागवावे लागेल. भाड्याने राहणाऱ्यांना आणि झोपडीत राहणाऱ्यांना टीपीत भूखंड मिळत नाही, म्हणून त्यांच्या घरांची तरतूद योजनेत आधी लिहून मग नदीचा पट्टा मोकळा करायचा. उलट क्रमाने केले तर पहिला आक्षेपच खरा ठरेल.

रेषा आखण्याचे काम महापालिकेने एकटीने करू नये. विद्यापीठाने तिचे शास्त्र सांगावे, ती कोणत्या नोंदींवर आणि कोणत्या गृहीतकांवर काढली हे गुजराती, मराठी, हिंदीत छापावे, आणि दर पुरानंतर ती तपासावी, कारण नर्मदेच्या थरांनी दाखवले तसे पुराचे गणित स्थिर नसते. 2019 आणि 2024 मध्ये पाणी कुठवर आले हे आजही हजारो घरांच्या भिंतींवर आणि फोनमधल्या छायाचित्रांत आहे. रंगरंगोटी होण्याआधी ते गोळा करायला एक उन्हाळा आणि काही शेकडो विद्यार्थी पुरतील. मग त्या दोन पातळ्या प्रत्येक प्रॉपर्टी कार्डावर, प्रत्येक एफपीच्या उताऱ्यावर, खरेदीखताच्या दुसऱ्या पानावर फुटांत लिहून द्याव्यात, आणि सबरजिस्ट्रारने त्याशिवाय दस्त नोंदवू नये.